गावाने द्यायचा शेवटचा मान
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील काही पत्रे एकाच विषयावर होती. सैनिकाचा अंत्यविधी गावाने कसा करावा, हा तो विषय. ती पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. लेखकांच्या विनंतीवरून त्यांची व त्यांच्या गावांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावातील एक निवृत्त हवालदार नुकतेच वृद्धापकाळाने घरीच वारले. मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतून १९७१ च्या युद्धात ते आजच्या बांगलादेशातील जमालपूरच्या लढाईत होते. अंत्ययात्रेत तरुण मंडळाच्या मुलांनी दुकानातून आणलेला तिरंगा पार्थिवावर पांघरला आणि दुसरा तिरंगा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर अंथरून बांधला. ग्रामपंचायतीसमोरचा ध्वजही अर्ध्यावर उतरवला. अग्नी देण्याआधी एका माजी सैनिकाने पार्थिवावरचा तिरंगा उचलून घडी करून ठेवला. आता हा गुन्हा झाल्याची कुजबुज गावात आहे आणि मुले घाबरली आहेत. नेमके काय चुकले? निवृत्त सैनिकाला गावाने मान द्यायचा तरी कसा? – ग्रामपंचायत सदस्य, खटाव तालुका

उत्तर : मुलांचा हेतू निर्मळ होता, हे आपल्या पत्रातून स्पष्ट दिसते. तरीही नियम माहीत असणे आवश्यक आहे, कारण अशीच वेळ आपल्या भागातील कोणत्याही गावावर येऊ शकते. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा आणि २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेली भारतीय ध्वजसंहिता या दोहोंनुसार राष्ट्रध्वज कोणत्याही वस्तूवर किंवा देहावर पांघरता येत नाही. याला अपवाद फक्त शासकीय इतमामातील, सैन्यदलांच्या आणि निमलष्करी दलांच्या अंत्यविधींचा आहे. दिवंगत व्यक्ती कधीकाळी सैन्यात होती, एवढ्यावरून कुटुंबाने घरून केलेला अंत्यविधी लष्करी ठरत नाही. शासकीय इतमामाचा निर्णय राज्य शासनाचा असतो आणि लष्करी मानवंदनेचा निर्णय सैन्याचा. तो निर्णय झालेला नसेल तर पार्थिवावर तिरंगा घालू नये. वाहनाचे बॉनेट, टप, बाजू किंवा मागचा भाग तिरंग्याने झाकण्यासही संहितेने मनाई केली आहे. ध्वज अर्ध्यावर उतरवण्याचे प्रसंग शासन ठरवते आणि तशी सूचना आल्याशिवाय ग्रामपंचायतीने किंवा शाळेने तो आपल्या अधिकारात उतरवायचा नसतो, त्या दिवशी सारे गाव कितीही दुःखात असले तरी.

ज्या माजी सैनिकाने अग्नीपूर्वी तिरंगा उचलून घेतला, त्यांनी सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांभाळली. लष्करी अंत्यविधीतसुद्धा ध्वज चितेत जाळायचा नसतो आणि दफन असेल तर कबरीत सोडायचा नसतो. तो ध्वज स्वच्छ व धड असेल तर घडी करून सन्मानाने जपून ठेवावा. मळला किंवा फाटला असेल तर एकांतात, त्याची प्रतिष्ठा राखून, शक्यतो जाळून तो संपूर्ण नष्ट करावा, असे संहिता सांगते. मुलांना एकत्र बसवून हे सर्व समजावून सांगा आणि त्यांच्या भावनेचे कौतुकही करा. ज्या मुलांना गावच्या म्हाताऱ्या हवालदाराचा एवढा अभिमान वाटतो, त्यांना भीती घालून गप्प करणे मला योग्य वाटत नाही.

आता मान कसा द्यावा, याविषयी. पहिला दूरध्वनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला करावा. ही कार्यालये सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांत आहेत. मृत सैनिकाचा सेवा क्रमांक, पलटण, युद्धसेवा आणि पदके यांची माहिती हाताशी ठेवून, लष्कराकडून किंवा पोलिसांकडून मानवंदना मिळू शकते का, हे तेथे स्पष्ट विचारावे. होकार आला तर ध्वज, तुकडी आणि बिगुल यांची सारी जबाबदारी ते घेतात. होकार आला नाही म्हणून मान कमी होत नाही. तालुक्यातील माजी सैनिक संघटनेला निरोप धाडावा. ती मंडळी आपल्या पलटणीची टोपी घालून आणि छातीवर पदके लावून येतात, पार्थिवाच्या दोन्ही बाजूंना सावधान उभी राहतात आणि एका आज्ञेवर सलामी देतात. मराठा पलटणीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या अंत्ययात्रेत त्याच्याच पलटणीच्या जुन्या सोबत्यांनी ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही युद्धघोषणा दिली, तर त्याहून मोठी मानवंदना कोणते कार्यालय देऊ शकेल, हे मला सुचत नाही.

हवालदारांची पदके घरातील ट्रंकेत असतील. पूर्वेकडील आघाडीवर लढलेल्यांना ‘पूर्वी स्टार’ हे पदक आणि त्या युद्धकाळातील सेवेसाठी ‘संग्राम पदक’ दिले गेले. जमालपूरला लढलेल्या जवानाकडे ही दोन्ही पदके असण्याचा संभव आहे. ती गादीवर किंवा पाटावर ठेवून पार्थिवापुढे न्यावीत, गणवेशातील एखादे छायाचित्र लावावे आणि त्यांनी काय केले, हे दोन-तीन मिनिटांत कोणीतरी नीट वाचून दाखवावे. पुष्कळ गावांत घडते असे की, आजोबा लष्करात होते एवढेच नातवंडांना ठाऊक असते. जमालपूर कोठे आहे, डिसेंबर १९७१ मध्ये त्या गावाच्या दक्षिणेस रस्ता अडवून बसलेल्या मराठा पलटणीवर शत्रूच्या फौजेने रात्री कसे लागोपाठ हल्ले चढवले आणि पलटण जागची कशी हलली नाही, हे त्या दिवशी शाळेतील मुलांच्या कानांवर पडले तर ते त्यांना जन्मभर आठवेल. हे काम गावातील शिक्षकांनी आदल्या रात्री बसून करावे. हवालदारांच्या पत्नीला आणि मुलांना विचारून करावे.

प्रश्न : आमच्या गावच्या जवानाचे पार्थिव काश्मीरमधून आले, तेव्हा पंचक्रोशीतून हजारो लोक जमले. रांगोळ्या काढल्या, फुले उधळली, बाजार बंद ठेवला. पण घरासमोर मोबाइल उंचावून उभ्या असलेल्या गर्दीतून त्याच्या आईला शवपेटीपर्यंत पोहोचताही येत नव्हते. नंतर मैदानावर भाषणे लांबली आणि शेवटी त्याच्या वडिलांनीच हात जोडून ‘आता पुरे’ असे सांगितले. शवपेटी उघडावी म्हणून काहींनी सैनिकांशी वादही घातला. असे पुन्हा होऊ नये म्हणून गावाने आधी काय ठरवावे? – माजी सरपंच, खानापूर तालुका

उत्तर : बातमी येते आणि पार्थिव येते, यांत बहुधा एक-दोन दिवस जातात. या अवधीत गाव सजावटीच्या मागे लागते, परंतु खरी तयारी माणसांची करावी लागते. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, पोलीस ठाण्याचे अधिकारी, माजी सैनिक आणि कुटुंबाच्या विश्वासातील एक माणूस, अशी मोजकी मंडळी एकत्र बसावीत आणि त्यांनी पहिला प्रश्न कुटुंबाला विचारावा की, तुम्हाला काय हवे आहे. दहन स्मशानभूमीत व्हावे की शाळेच्या मैदानावर, मिरवणूक किती लांब असावी, अग्नी कोणी द्यावा, या प्रश्नांचे उत्तर त्या घरातूनच आले पाहिजे. गावाच्या हौसेने किंवा पुढाऱ्यांच्या वेळेने ते ठरू नये, असे माझे ठाम मत आहे.

पार्थिव गावात आले की प्रथम घरी जाते. तो वेळ केवळ कुटुंबाचा असावा. गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोर बांधून तरुण मंडळाची मुले उभी करावीत आणि आई, वडील, पत्नी, मुले, भावंडे यांच्याखेरीज कोणालाही अर्धा तास आत सोडू नये. छायाचित्रण आणि मोबाइल या वेळी पूर्णपणे बंद ठेवावेत. हंबरडा फोडणाऱ्या आईचे चित्रण रात्रीपर्यंत साऱ्या जिल्ह्यात फिरते आणि पुढे कित्येक वर्षे तिच्याच नातेवाइकांच्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा येत राहते. याला श्रद्धांजली म्हणता येत नाही. आपल्या गावात सकाळी मंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून एकदा स्पष्ट सांगितले, तर लोक ऐकतात. माणसे मुळात वाईट नसतात. कोणी सांगितलेलेच नसते.

शवपेटीविषयी आपण लिहिले आहे, ते फार नाजूक आहे. पार्थिवासोबत आलेल्या लष्करी पथकाने पेटी उघडू नये असे सुचवले, तर त्यामागे कारण असते आणि ते कारण त्यांनी चारचौघांत सांगावे, अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. घरातील एका जबाबदार माणसाने त्यांच्याशी बाजूला बोलून घ्यावे. गावाने त्यात पडू नये आणि ‘तोंड तरी दाखवा’ असा धोशा लावणाऱ्यांना ज्येष्ठांनी आवरावे.

या पथकात बहुधा त्याच जवानाच्या तुकडीतील एखादा साथीदार असतो. तो मैत्र गमावून, लांबचा प्रवास करून आलेला असतो आणि अनोळखी गावात ताठ उभा असतो. त्याला जेवण, आंघोळीला पाणी आणि रात्री झोपायला जागा मिळाली का, हे पाहणे गावाचे कर्तव्य आहे. विधी संपल्यावर आईवडिलांना त्याच्याशी शांतपणे बोलू द्यावे. मुलगा शेवटच्या दिवसांत काय खात होता, कोणाशी हसत होता, घराविषयी काय बोलत होता, हे त्यांना तोच सांगू शकतो.

मैदानावरील क्रम लष्करी अधिकारी ठरवतात आणि तो त्यांच्याच हाती राहू द्यावा. पुष्पचक्रे वाहिली जातात, शस्त्रे उलटी धरून शोकसलामी दिली जाते, बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही निरोपाची धून वाजते, हवेत बंदुकीच्या तीन फैरी झाडल्या जातात. पार्थिवावरील तिरंगा, ज्याचा केशरी पट्टा डोक्याकडे असतो, तो घडी करून पत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हाती दिला जातो आणि मग अग्नी दिला जातो. या क्रमात भाषणाला जागा नाही. मंत्री आले, आमदार आले, तरी त्यांनी पुष्पचक्र वाहून मागे व्हावे. बोलायचेच असेल तर तेराव्याला किंवा पुढे गावाच्या शोकसभेत बोलावे. बिगुल वाजत असताना घोषणाही थांबल्या पाहिजेत. ‘वीर जवान अमर रहे’ ही घोषणा मिरवणुकीत जरूर द्यावी, पण बिगुलाच्या पहिल्या सुरापासून शेवटची फैर झडेपर्यंत मैदान पूर्ण निःशब्द असावे, आणि हे लहान मुलांना आधी सांगून ठेवावे, कारण फैरींच्या आवाजाने ती घाबरतात. जवानाची स्वतःची मुले लहान असतील तर कोणीतरी त्यांना जवळ घेऊन उभे राहावे.

कागदी झेंड्यांविषयी एक सूचना. शाळेतील मुलांच्या हाती झेंडे देत असाल तर ते परत गोळा करण्यासाठी दोन शिक्षक नेमा. मिरवणूक गेल्यावर रस्त्यात पडलेले झेंडे पाहून मन विषण्ण होते. फ्लेक्सच्या बाबतीत मी एवढेच म्हणेन की, श्रद्धांजलीच्या फलकावर जवानाखेरीज कोणाचेही छायाचित्र असू नये.

प्रश्न : आमच्या गावात म्हणतात की, जवानाला एकवीस तोफांची सलामी दिली. खरे काय? – विद्यार्थी, कोरेगाव

उत्तर : तोफा नव्हेत. जवानाच्या अंत्यविधीत सैनिकांची छोटी तुकडी बंदुकीतून हवेत तीन फैरी झाडते. एकवीस तोफांची सलामी हा निराळा प्रकार असून ती राष्ट्रपतींना आणि राष्ट्रीय समारंभांत दिली जाते. तीन फैरींचा उगम युरोपातील जुन्या युद्धप्रथेत सांगितला जातो. दोन्ही बाजू लढाई थांबवून रणांगणावरील मृतांना उचलून नेत आणि ते काम संपल्याची खूण म्हणून तीन वेळा बंदुका झाडत. ‘लास्ट पोस्ट’ ही धून छावणीत दिवसाचे काम संपल्याची सूचना देणारी आहे. सैनिकाचे कर्तव्य पूर्ण झाले, आता त्याने विसावा घ्यावा, या अर्थाने ती अंत्यविधीत वाजवतात.

प्रश्न : माझा भाऊ सैन्यात होता. त्याचे पार्थिव उचलण्याआधी भावकीतील बायकांनी माझ्या वहिनीच्या बांगड्या फोडल्या, तिचे कुंकू पुसले. तिच्या मनगटाला काच लागली. थोड्याच वेळात तेच लोक मैदानावर तिला वीरपत्नी म्हणत होते. मी तेव्हा काहीच बोलू शकले नाही. हे थांबवता येते का? – एक बहीण, वाळवा तालुका

उत्तर : थांबवता येते आणि आपल्या शेजारीच ते थांबवले गेले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यात बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढून घेणे या सर्वांचा समावेश होता. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनीही हे उदाहरण समोर ठेवावे, असे परिपत्रक काढले. आपल्या गावच्या ग्रामसभेत असा ठराव मांडा. आपल्या वहिनींची संमती असेल, तरच त्यांचा उल्लेख करा.

ठराव झाला तरी प्रसंगाच्या वेळी घरातील एका बाईने ठामपणे पुढे होऊन ‘हे आमच्या घरात होणार नाही’ असे म्हणावे लागते. ते शब्द आत्तेने, सासूने किंवा थोरल्या जावेने उच्चारले तर भावकी मागे सरते. म्हणून तयारी आधीच हवी आणि ज्या घरात मुलगा सैन्यात आहे त्या घराने हे मनाशी ठरवून ठेवावे, जरी त्याविषयी बोलणे अशुभ वाटले तरी.

साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे आणि सातारा सैनिक स्कूलचे विद्यार्थी असलेले कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मीरमधील कुपवाडा येथे दहशतवाद्यांशी लढताना वीरमरण आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी दोन लहान मुले पदरात असताना चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत खडतर प्रशिक्षण पूर्ण केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या स्वतः सैन्यात लेफ्टनंट झाल्या. प्रत्येक वीरपत्नीने असेच करावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. मात्र पती गेल्यावर बाईचे आयुष्य संपले, असे ज्यांना वाटते, त्यांना हे उदाहरण अवश्य सांगावे. अग्नी देण्याची इच्छा पत्नीची किंवा मुलीची असेल तर ती पूर्ण करावी. लष्करी विधीत त्याला कोणतीही आडकाठी नाही.

प्रश्न : गावात स्मारक उभारायचे आहे. प्रवेशद्वार बांधावे की पुतळा? – तरुण मंडळ, सातारा तालुका

उत्तर : आपल्याच तालुक्यातील अपशिंगे मिलिटरी येथे जाऊन या. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांची स्मृती तेथे दगडात कोरून ठेवलेली आहे. तेथील घरोघरची सैन्यसेवेची परंपरा आजही चालू आहे. आपणही साधा दगडी स्तंभ उभारावा आणि त्यावर नाव, पलटण, जन्म व मृत्यूचे वर्ष आणि लढाईचे ठिकाण एवढाच मजकूर कोरावा. खाली पुढच्या नावांसाठी जागा सोडू नये. ती पाहून गावातील आयांच्या मनात काय येईल, याचा विचार करावा.

प्रश्न : माझ्या आजोबांच्या अंत्यविधीला माजी सैनिकांनी सुंदर मानवंदना दिली. आता आजीला काय काय कागदपत्रे करावी लागतील? बँकेत पेन्शन अजून जमा होत आहे. – नात, तासगाव

उत्तर : जमा होत असलेल्या रकमेला हात लावू नका. मृत्यूनंतरच्या काळातील पेन्शन नंतर वसूल केली जाते आणि ती खर्च झालेली असेल तर म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर लागतो. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून दाखल्याच्या अनेक प्रती घ्या. आजोबांचा पेन्शन मंजुरीचा आदेश आणि डिस्चार्ज बुक (सैन्यातून सेवामुक्त होताना मिळालेले नोंदपुस्तक) शोधा. त्यांत आजीचे नाव कसे लिहिले आहे, ते आधार कार्डाशी आणि बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहा. पेन्शनचा हिशेब ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या संगणकीय प्रणालीत असेल तर मृत्यूची माहिती तेथे, नाहीतर बँकेत द्या आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करा. हे सर्व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विनामूल्य समजावून सांगतात.

जुन्या कागदांत पत्नीचे माहेरचे किंवा घरगुती नाव लागलेले असणे ही आपल्याकडची नेहमीची अडचण आहे. नाव जुळत नसेल तर दुरुस्ती पलटणीच्या अभिलेख कार्यालयातून करून घ्यावी लागते. मराठा लाईट इन्फंट्रीचे कार्यालय बेळगावला आहे. आजीची जन्मतारीख नोंदली आहे का, हेही पाहा. ८० वर्षे पूर्ण झाल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनात २० टक्के आणि ८५ नंतर ३० टक्के जादा रक्कम मिळते, पुढे वयानुसार ती आणखी वाढते. तारखेची नोंद नसल्यामुळे अनेक आजींना ही वाढ मिळत नाही. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याची जबाबदारी घरातील एकाने घ्यावी. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे आणि कॅन्टीनचे कार्ड आजीच्या नावे करून घ्या. ज्या माजी सैनिकांनी मानवंदना दिली, त्यांच्यापैकी एकाला सोबत घेऊन सांगलीच्या कार्यालयात जा, कारण कोणता अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, हे त्यांना पाठ असते.